युनियनची पावती आणि शेजारची खुर्ची

नोकरीला लागल्यावर पहिली सहा वर्षं मी युनियनची वर्गणी भरली नव्हती, आणि वर त्याचा मला अभिमानच होता. दरवर्षी शाळा सुरू झाली की आमच्या शाळेच्या प्रतिनिधी बाई (नाव लिहीत नाही, सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे, तेच चालवू) पावतीपुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये यायच्या आणि नेमक्या त्याच वेळी मला वह्या तपासायच्या असायच्या. मान खाली, लाल पेन हातात. बाई दोन मिनिटं थांबायच्या, काही न बोलता पुढच्या टेबलाकडे जायच्या.

माझं तेव्हाचं मत अगदी पक्कं होतं. युनियन म्हणजे बॅनर, घोषणा, स्टेजवर बसलेले तेच ते आठ लोक, हार, आणि ज्यांना शिकवायचा कंटाळा येतो त्यांचा क्लब. आपण बरं, आपला वर्ग बरा. ज्याचं काम चोख आहे त्याला युनियन कशाला लागते, हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल त्याचा हिशोब नाही, आणि आता तेच वाक्य नवीन पोरं मला ऐकवतात तेव्हा हसू येतं.

मग सहाव्या वर्षी एका ऑफ पिरियडला शिपाई आला, "सर, ऑफिसात बोलावलंय."

आत गेलो तर हेडसर, मॅनेजमेंटचे एक जण आणि कोपऱ्यात क्लार्क. तिघं टेबलाच्या त्या बाजूला, ह्या बाजूला एक खुर्ची, माझी. एका पालकाची तक्रार होती म्हणे की मी वर्ग वाऱ्यावर सोडून पंधरा मिनिटं बाहेर होतो. होतो ना बाहेर! एका मुलाच्या नाकातून रक्त यायला लागलं होतं, त्याला घेऊन खाली गेलो, डोकं पुढे वाकवून बसवलं, थांबल्यावर परत आणलं. हे मी सांगितलं. ते सगळे छान माना हलवत होते, हेडसर तर म्हणाले की आम्हाला माहितीय हो तुम्ही कसे आहात, हे आपलं फक्त रेकॉर्डसाठी, इथे एक सही करा.

मी सही केली. आज विचारलं की का केलीस, तर काय सांगू, समोर तीन माणसं होती, ती गोड बोलत होती, पिरियड संपत आला होता आणि मला पुढच्या वर्गावर जायचं होतं. अर्धं पान टाइप केलेलं होतं, ते पूर्ण वाचत बसणं म्हणजे समोरच्यांवर अविश्वास दाखवणं, असं काहीतरी डोक्यात आलं असणार. आपल्यावर लहानपणापासून हे संस्कारच आहेत की मोठ्यांनी दिलेला कागद उलटसुलट करून बघायचा नसतो.

आठ महिन्यांनी माझी पगारवाढ अडली. चौकशी केली तर फायलीतला तोच कागद निघाला. त्यात लिहिलं होतं की मी कोणालाही न कळवता वर्ग सोडला, ही माझी चूक मला मान्य आहे आणि पुन्हा असं झाल्यास होणारी कारवाई मला मान्य राहील. खाली माझी सही, सुवाच्य अक्षरात, तारखेसकट.

तेव्हा गेलो बाईंकडे, आणि जाताना जी लाज वाटली ती अजून आठवते. बाईंनी कागदाची झेरॉक्स घेतली, पर्समधून पेन्सिल काढली (पेन नाही, कायम पेन्सिलच) आणि एकेका ओळीखाली रेघ ओढत वाचायला लागल्या. मग म्हणाल्या, "अहो सर, सही करताना वाचलं होतंत का हे?" मी गप्प. मग म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा मेंबर नव्हता, त्यामुळे युनियनला ह्यात अधिकृत पडता येणार नाही. पण वाचून दाखवायला पावती लागत नाही."

त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते बीएडच्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नव्हतं. तक्रार आहे म्हणतात तर ती लेखी बघायला मागायची. कागद घरी नेऊन वाचतो, उद्या देतो, असं म्हणायचं, कुणी खात नाही आपल्याला. सही करावीच लागली तर 'फक्त पोच' असं लिहून तारीख टाकायची. आणि एकट्याने बसायचं नाही, सोबत एक जण पाहिजे. बाईंनी माझ्याकडून खुलासा लिहून घेतला, शाळेच्या प्रथमोपचाराच्या वहीत त्या दिवशी त्या मुलाची नोंद सापडली ती जोडली, आणि चार महिन्यांनी पगारवाढ सुरू झाली. फायलीतला कागद मात्र अजून आहे तिथेच.

पावती मी त्याच दिवशी फाडली, सहा वर्षं उशिरा.

नंतर मला ह्या विषयाचा नाद लागला आणि वाचत गेलो तेव्हा कळलं की 'सोबत एक जण' ही बाईंची टूम नव्हती, ह्यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढाई झालेली आहे. ती केस शिक्षकांची नाही, टेक्सासमधल्या एका दुकानात काम करणाऱ्या लीउरा कॉलिन्स नावाच्या बाईची. चिकनचे पूर्ण पैसे न भरल्याचा संशय घेऊन तिला आत बोलावलं, चौकशी सुरू. ती परत परत म्हणते, माझ्या युनियनच्या माणसाला बोलवा, आणि हे नाही म्हणतात. मग निघालं काय, तर लहान खोका संपला होता म्हणून तिने थोडंसंच चिकन मोठ्या खोक्यात भरून घेतलं होतं, पैसे बरोबरच भरले होते. सॉरी म्हणाले. तिला रडू कोसळलं आणि रडता रडता ती म्हणाली की ह्या दुकानातून मी फुकट घेतलेली एकच गोष्ट म्हणजे दुपारचं जेवण. झालं, त्यावरून पुन्हा नवीन चौकशी!! हे वाचताना मला माझी ती खुर्ची आठवली, माणूस घाबरला की नको ते बोलतो आणि शेजारी कुणी असेल तर निदान टेबलाखालून पाय तरी दाबतो.

1975 साली कोर्टाने निकाल दिला की ज्या चौकशीतून कारवाई होईल अशी कामगाराला रास्त भीती वाटते तिथे त्याला युनियनचा प्रतिनिधी मागता येतो. तो मालक म्हणजे वाइनगार्टन, म्हणून तिकडे त्याला वाइनगार्टन हक्कच म्हणतात. तो खाजगी नोकऱ्यांचा निकाल, पण नंतर तिथल्या बऱ्याच राज्यांनी सरकारी नोकरांना, म्हणजे सरकारी शाळांच्या शिक्षकांनाही, तसाच हक्क दिला. ब्रिटनमध्ये 1999 च्या कायद्याने शिस्तभंगाच्या सुनावणीला सोबत माणूस नेण्याचा हक्क मिळाला, सहकारी किंवा युनियनचा, आणि त्यासाठी शाळेने युनियनला मान्यता दिलेली असायचीही गरज नाही. पण गंमत बघा, हा हक्क मागितला तरच मिळतो. समोरचा स्वतःहून सांगेलच असं नाही की बाबा रे, तुला कुणाला तरी आणता येईल. म्हणजे ज्याला माहीत नाही त्याच्यापुरता तो हक्क नाहीच.

बाई रिटायर झाल्या आणि ते पावतीपुस्तक माझ्या गळ्यात पडलं. निवडणूक वगैरे काही नाही, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

आता मला विचाराल की प्रतिनिधी म्हणून तू काय करतोस, तर नव्वद टक्के वेळ मी कागद वाचतो. कुणाची आजारपणाची रजा बिनपगारी लावलीय, कुणाची नोकरीत लागल्याची तारीख चुकीची चढलीय आणि त्यामुळे पेन्शनच्या हिशोबातली अकरा महिन्यांची सेवा गायब आहे, कुणाला आठवड्यात प्रॉक्सी पिरियड (गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायचे) एवढे दिलेत की बिचारीला टॉयलेटला जायला वेळ नाही. (हसू नका, शिक्षकांमधल्या मूत्रमार्गाच्या त्रासांबद्दल स्टाफरूममध्ये दबक्या आवाजात जे चालतं ते कुठल्याच मागणीपत्रात येत नाही.) मोर्चाला मी दोनदा गेलोय. अर्ज किती लिहिले असतील त्याला गणती नाही.

आणि इथेच लोकांची चूक होते, माझीही झाली होती, की त्यांना वाटतं युनियनचं खरं काम म्हणजे संप. संप दिसतो, फोटो येतात. पण जिंकलेली बरीच भांडणं ही आधी कुणीतरी कंटाळवाणा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचला म्हणून जिंकलेली आहेत. ह्यासाठी माझं आवडतं उदाहरण म्हणजे शिकागोची मार्गारेट हेली.

ही सहावीच्या वर्गाला शिकवणारी बाई. 1897 मध्ये तिथल्या प्राथमिक शिक्षिकांनी पेन्शन आणि पगार ह्यासाठी शिकागो टीचर्स फेडरेशन काढलं. पगारवाढ कबूल झाली, आणि मग 1900 च्या सुरुवातीला शहराच्या शाळा चालवणारं बोर्ड म्हणालं, पैसे नाहीत, वाढ रद्द. हे 'पैसे नाहीत' जगातल्या प्रत्येक शिक्षकाने ऐकलेलं आहे, आपण काय करतो, चिडतो, चार शिव्या घालतो आणि घरी जातो. हेली आणि तिची सहकारी कॅथरिन गॉगिन ह्यांनी विचारलं, का नाहीत? हेलीने वर्ग सोडला आणि पूर्णवेळ ह्याच्या मागे लागली, टॅक्सच्या नोंदी उकरायला बसली. तर सापडलं असं की शहराचे रस्ते वापरायचे परवाने घेऊन बसलेल्या ट्रामच्या, गॅसच्या, विजेच्या कंपन्या त्या परवान्यांच्या किमतीवर टॅक्सच भरत नव्हत्या, आणि ज्या मंडळाने तो आकारायचा ते मंडळ डोळे मिटून बसलेलं. शिक्षिका कोर्टात गेल्या. 1901 मध्ये इलिनॉय राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे विचार करा, ज्या बायकांना तेव्हा शहराचा महापौर निवडायला मतदान करता येत नव्हतं त्यांनी शहराला वसूल न झालेला टॅक्स मिळवून दिला!

आणि इथे गोष्ट संपायला पाहिजे ना? नाही संपली. पुढे फेडरल कोर्टाने रक्कम कमी केली, आणि जे पैसे बोर्डाकडे आले ते बोर्डाने दुसऱ्याच बिलांवर खर्च करायचे ठरवले. पगारवाढ परत बाजूलाच. मग शिक्षिका बोर्डाविरुद्ध कोर्टात, आणि 1904 मध्ये जज एडवर्ड डन ह्यांनी निकाल दिला की पैसे शिक्षकांचे आहेत. चार वर्षं, एका वाढीसाठी. मला ह्यात ती जिंकली ह्यापेक्षा ती पैसे आल्यावर ते कुठे गेले हे बघत बसली ह्याचं कौतुक जास्त वाटतं. आपल्याकडची बहुतेक मंडळी जीआर निघाला की हार घालून मोकळी.

ह्याची किंमतही पडली. 1915 मध्ये तिथल्या बोर्डाने नियमच केला की शिक्षकांनी कामगार संघटनांशी जोडलेल्या संघटनेत राहायचं नाही, आणि 1916 मध्ये 68 शिक्षकांना पुन्हा कामावर घेतलंच नाही, त्यात फेडरेशनच्या बऱ्याच जणी. 1917 च्या कायद्याने प्रोबेशन पूर्ण केलेल्यांना नोकरीचं संरक्षण मिळालं, पण फेडरेशनला कामगार चळवळीशी असलेलं नातं तोडावं लागलं. म्हणजे एक मिळालं एक गेलं. ही असली अर्धीमुर्धी तडजोड युनियनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे, बाहेरचे त्याला 'सेटिंग केली' म्हणतात.

बरं, बेनिफिट म्हणजे फक्त पगार नाही हे तर मला प्रतिनिधी झाल्यावरच कळलं. बायकांच्या बाबतीत तर अजिबातच नाही. आयर्लंडमध्ये 1934 ला नियम आला की प्राथमिक शिक्षिकेने लग्न केलं की नोकरी सोडायची, तिथल्या शिक्षक संघटनेचा विरोध असूनही तो 1958 पर्यंत चालला, चोवीस वर्षं! इंग्लंडमध्ये शिक्षिकांना पुरुषांएवढा पगार 1955 पासून हप्त्याहप्त्याने देत 1961 ला एकदाचा पूर्ण केला. आणि अमेरिकेत क्लीव्हलंडला नियम होता की गरोदर शिक्षिकेने बाळंतपणाच्या पाच महिने आधी घरी बसायचं, बिनपगारी, तिला काम जमतंय का हे कुणी विचारणार नाही. जो कॅरॉल लाफ्लर नावाची शिक्षिका कोर्टात गेली आणि 1974 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला. परवा आमच्या एका मॅडमच्या रजेचे दिवस मोजताना क्लार्कने सुट्ट्या दोनदा कापल्या होत्या, ते भांडण मिटवून आलो आणि मनात म्हटलं, बाळंतपणाच्या रजेचं गणित शाळेच्या ऑफिसला कधीच का जमत नाही, गणिताचे शिक्षक शेजारच्या खोलीत असून.

आरोग्यविमा हाही असाच, जोपर्यंत लागत नाही तोपर्यंत कुणी त्याचं पत्रक वाचत नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात 2018 ला 55 च्या 55 काउंटींमधल्या (म्हणजे जिल्ह्यांमधल्या) शाळा बंद पडल्या तेव्हा बाहेर सगळ्यांना वाटलं पगारासाठी, पण आतली खदखद विम्याची होती. हप्ते वाढत चाललेले, आणि त्यात योजना आली की सगळ्यांनी फोनवर एक फिटनेसचं ॲप घ्यायचं, त्यात पॉइंट जमवायचे, नाही जमवले तर महिन्याला 25 डॉलर जास्त. म्हणजे दिवसभर वर्गात उभं राहणाऱ्या माणसाने पावलं मोजून दाखवायची! ते ॲपचं मागे घेतलं पण लोक पेटायचे ते पेटलेच. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मध्येच गव्हर्नर आणि युनियनचे नेते ह्यांनी समझोता जाहीर केला, एक दिवस सोडून शाळा सुरू म्हणून सांगितलं, आणि शिक्षक गेलेच नाहीत. कायदा पास होऊन हातात येईपर्यंत नाही म्हणाले. नऊ शालेय दिवसांनी पाच टक्के वाढ मिळाली, विम्यासाठी समिती बसली. मुलांचं शाळेतलं जेवण चुकू नये म्हणून शिक्षकांनी संपाच्या काळात डबे बांधून पोचवले. नेत्यांपेक्षा मेंबर पुढे होते तिथे. आमच्यात बऱ्याचदा उलटं असतं, नेता पुढे आणि मागे वळून बघावं तर कोणी नाही.

जादा कामाचं तर विचारूच नका. जपानमध्ये 1971 चा कायदा आहे, सरकारी शाळांच्या शिक्षकांना ओव्हरटाइम नाही, त्याऐवजी पगाराच्या चार टक्के सरसकट. का चार, तर 1966 च्या एका पाहणीत महिन्याला साधारण आठ तास जादा काम दिसलं होतं. आठ तास! आमच्याकडे आठ तास तर नुसते ग्रुपवर आलेले मेसेज वाचण्यात जातात. तो चारचा आकडा तिथे पन्नास वर्षांहून जास्त हलला नाही, 2025 मध्ये कुठे तो टप्प्याटप्प्याने दहापर्यंत न्यायचा कायदा झाला.

आता युनियनबद्दल जे वाईट बोललं जातं त्यातलं बरंच खरं आहे, ते मी नाकारत नाही. खुर्चीला चिकटलेले लोक आहेत. वर्गणी न भरता फायदा घेणारे तर ढीगभर (मी कोण बोलणार म्हणा, सहा वर्षं तेच केलं). आणि सगळ्यात अवघड प्रश्न, की कामचुकार माणसाच्या बाजूने का उभं राहायचं. मागच्या वर्षी एका सरांसोबत मी सुनावणीला बसलो, त्यांच्यावरचे आरोप खरे होते हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी काही खोटं बोललो नाही. मी एवढंच बघितलं की आरोप लेखी दिलेत, त्यांना उत्तर द्यायला वेळ मिळाला, आणि जी शिक्षा दिली ती नियमात आहे. त्यांना ती मिळाली. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ज्या मुलांचं वर्षभराचं नुकसान झालं त्यांच्या बाजूच्या खुर्चीत कोण बसलं होतं, हा प्रश्न मला सुटला नाही. पण तीच पद्धत त्यांच्यासाठी मोडली असती तर नाकातून रक्त येणाऱ्या मुलाला खाली नेणाऱ्यासाठीही ती मोडलेलीच राहिली असती. एवढंच मी स्वतःला सांगतो, काही दिवस पटतं, काही दिवस नाही.

1966 मध्ये युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून शिक्षकांच्या दर्जाबद्दल एक शिफारसपत्र केलं, 5 ऑक्टोबरला, त्याच तारखेला आता जागतिक शिक्षक दिन असतो. त्यात स्वच्छ लिहिलंय की पगार आणि कामाच्या अटी शिक्षक संघटनांशी बोलून ठरवाव्यात. शुभेच्छांचे मेसेज पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलंय कुणास ठाऊक. तो दिवस आला की मी ते वाक्य ग्रुपवर टाकतो, खाली बारा गुलाबाची फुलं येतात आणि एक 'सेम टू यू'.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे काल रात्री साडेदहाला आलेला फोन. ह्याच वर्षी लागलेली एक मॅडम. आवाज बारीक. म्हणाली, सर, उद्या दुसऱ्या पिरियडला ऑफिसात बोलावलंय, कशासाठी ते सांगितलं नाहीये, फक्त एक सही हवीय म्हणाले. मी विचारलं, तुम्ही मेंबर आहात का? शांतता. मग म्हणाली, नाही सर, तुम्ही स्टाफरूममध्ये आला होतात तेव्हा मी वह्या तपासत होते.

मी म्हटलं, दुसऱ्या पिरियडला मला ऑफ आहे, दारात भेटा, पेन आणू नका.

तर म्हणाली, "पण सर, पावती आधी फाडावी लागेल का?"